चित्रपट, मालिका आणि गाणी : ख्रिस्ती घराने कोणती कसोटी लावावी?

प्रश्न — वाचक, शरणपूर रोड

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम.

आम्ही नाशिकला शरणपूर रोड परिसरात राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघे, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा आणि नववीतली मुलगी. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीच्या तरुण संघात एक छापील पत्रक वाटण्यात आले. ख्रिस्ती तरुणांनी काय पाहू नये आणि काय ऐकू नये, याची त्यात यादी आहे. भुताखेतांच्या व जादूटोण्याच्या सर्व कथा, प्रणयदृश्ये असलेले सर्व चित्रपट, रॅप संगीत आणि शेवटी 'इतर धर्मांतील देवदेवतांचा उल्लेख असलेले कोणतेही गीत'. या शेवटच्या ओळीसमोर मुलीने पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढले आणि कागद माझ्या हातात दिला. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तिच्या वर्गाने विठ्ठलाचा एक अभंग बसवला आहे आणि ती त्यात साथ करते. पत्रक पाळायचे तर तिला आता माघार घ्यावी लागेल आणि ती का घेतली, हे वर्गशिक्षिकांना व मैत्रिणींना सांगावे लागेल.

मुलाचे म्हणणे वेगळे आहे. तो कानात हेडफोन घालून जे मराठी आणि हिंदी रॅप ऐकतो, त्यात शिव्या असतात हे तो नाकारत नाही. परंतु वस्तीतल्या मुलांना पोलीस कसे वागवतात, नोकरी नसलेल्या मुलाला घरात कसे बोलले जाते, जात विचारून खोली कशी नाकारली जाते, हे आपल्याला त्या गाण्यांतून कळले आणि उपदेशात ते कधी ऐकायला मिळाले नाही, असे तो म्हणतो. त्यावर मला चटकन उत्तर देता आले नाही.

तिसरी गोष्ट मला अधिक बोचते. सासूबाई संध्याकाळी सातपासून एकापाठोपाठ तीन मालिका पाहतात. त्यांत सून सासूच्या दुधात काहीतरी मिसळते, जाऊ जावेचे दागिने लपवते आणि हे महिनोन्‌महिने चालते. या मालिकांचा पत्रकात उल्लेखही नाही. आमची कौटुंबिक प्रार्थना पूर्वी आठला होत असे, ती या मालिकांमुळे साडेनऊवर गेली आहे आणि तोवर मुले पेंगुळलेली असतात.

पत्रक काढणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना मुलांची काळजी आहे, हे मी जाणते. मला अमुक चित्रपट चालेल का, असे विचारायचे नाही. कोणता चित्रपट, कोणती मालिका, कोणते गाणे घरात यावे हे ठरवण्यासाठी पवित्र शास्त्राला धरून कोणती कसोटी लावावी, आणि ती मुलांपुढे कशी मांडावी की ती त्यांची स्वतःची होईल, याबद्दल जाणत्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर — निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

ताई, सलाम.

आपण नाशिकमध्ये बसून हा प्रश्न विचारत आहात, म्हणून एका नाशिककराची आठवण आधी करून देतो. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी 1911 च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूतल्या चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना आपल्या मनापुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या ध्यासातून 1913 साली त्यांचा पहिला चित्रपट निघाला आणि त्यानंतर ते आपला कारखाना घेऊन नाशिकला आले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. सांगायचे हे की, आपल्या देशात चलच्चित्राचा आरंभ झाला तेव्हा त्याच्या मुळाशी येशूची कथा होती आणि ती पाहून एका हिंदू कलावंताने आपल्या देवांच्या कथा सांगितल्या. 'हे आमचे, ते त्यांचे' अशी सरळ रेघ या माध्यमात पहिल्या दिवसापासून ओढता आलेली नाही, आणि यादीची अडचण नेमकी तीच आहे.

आता शास्त्राकडे येतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17 मुलीबरोबर वाचावा. पौल अथेनैला जातो तेव्हा नगरभर मूर्ती पाहून त्याचे मन खवळते, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे त्याला काहीच वाटले नाही असे नाही. तरीही अरीयपग या तेथील टेकडीवर उभा राहिल्यावर तो त्याच लोकांच्या कवींची ओळ आधाराला घेतो. आपण देवाचा वंश आहोत, ही ती ओळ मूळ काव्यात झ्यूस या ग्रीक देवाला उद्देशून आहे. पौलाला ते ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. त्याने ते काव्य वाचले होते, लक्षात ठेवले होते, त्यातले सत्य उचलले आणि त्याच भाषणात मूर्तिपूजेला विरोधही केला. हे दोन्ही एका श्वासात करता येण्यासाठी माणसाला आधी ते काव्य माहीत असावे लागते.

दानीएलाचे उदाहरण याहून उपयोगी वाटते, कारण तो तुमच्या मुलांच्या वयाचा होता. बाबेलमध्ये त्याने व त्याच्या मित्रांनी खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकून घेतली. त्यांची नावेसुद्धा बदलली गेली. राजाच्या ताटातले अन्न मात्र त्यांनी नाकारले आणि पुढे त्याच्या मित्रांनी सोन्याच्या पुतळ्यापुढे दंडवत घालण्याचेही नाकारले. शिकणे, राहणे, काम करणे त्यांना चालले आणि नमन चालले नाही. कोठे थांबायचे हे त्यांनी स्वतः ठरवले होते आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली होती. पत्रक कोणी तरी हातात दिले म्हणून ते थांबले नाहीत.

अभंगाबद्दल मी थोडे सावध लिहितो, कारण येथे दोन्ही बाजूंनी घाई होते. 'ते केवळ संगीत आहे' असे म्हणणे मला पटत नाही. अभंग ही प्रार्थना आहे, वारकऱ्याने ती विठ्ठलाला केलेली आहे आणि तिला केवळ संगीत म्हणणे हा त्या भक्ताचाही अनादर आहे. दुसरीकडे, नारायण वामन टिळकांचे स्मरण आपण दर रविवारी त्यांची गीते गाऊन करतो, ते तर तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो असे सांगत. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अभंग आणि ओवी टाकून दिली नाही. ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, कीर्तने केली आणि ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र हाती घेतले. 1919 साली ते गेले तेव्हा अपुरे राहिलेले ते काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या मंडळीच्या उपासनेत ही परंपरा आहे, तिने अभंग या शब्दानेच दचकावे, हे मला समजत नाही.

मग मुलीने काय करावे? करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय याच प्रश्नावर आहे. बाजारात मिळणारे मांस चौकशी न करता खा, परंतु कोणी 'हे मूर्तीला वाहिलेले आहे' असे सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असे पौल म्हणतो. शाळेचे स्नेहसंमेलन हे देऊळ नव्हे. तेथे ती गाणे सादर करणार आहे, पूजा करणार नाही. मात्र तिच्या स्वतःच्या मनाला ती प्रार्थना आपण दुसऱ्या कोणाला करत आहोत असे खुपत असेल, तर आईवडिलांनी तिला ढकलू नये. खुपत नसेल, तर पत्रकाने तिला अडवू नये. तिला शांतपणे विचारा, ओळींचा अर्थ तिला कळला आहे का तेही पाहा आणि ती जे सांगेल ते गंभीरपणे घ्या. नववीतली मुलगी दृढीकरणाच्या वयाची असते. विश्वासाची जाहीर कबुली देण्याइतकी ती मोठी झाली आहे असे आपण मानतो, तर या प्रश्नावर तिच्या विवेकाला मत नाही असे कसे मानता येईल?

कसोटी एका वाक्यात सांगायची तर थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ती आहेच : सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगले ते बळकट धरा. पारख करण्याची क्रिया तेथे सांगितलेली आहे. यादी हाती आली की पारख करण्याचे काम संपते, आणि यादी करणाऱ्याने जे पाहिले नाही ते आपोआप निर्दोष ठरते. सासूबाईंच्या मालिका पत्रकातून सुटल्या त्या अशाच.

उत्तर — प्रार्थना गटातील सभासद, सातपूर

सरांचे लेखन नेहमीप्रमाणे अभ्यासपूर्ण आहे. तरीही पत्रक काढणाऱ्यांच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे, म्हणून लिहितो. मी स्वतः तरुणांमध्ये काम करतो.

पौल अथेनैला गेला तेव्हा तो अनेक वर्षे प्रार्थनेत आणि छळात मुरलेला माणूस होता. तेरा वर्षांचे मूल तसे नसते. शिवाय पौलाच्या हातात असे उपकरण नव्हते, की एक भाग संपण्याआधीच दुसरा सुरू व्हावा आणि रात्री दोनला त्याला कोणी थांबवू नये. आज जे पाहिले जाते त्यातले बरेचसे एकट्याने, पांघरुणात, आवाज बंद करून पाहिले जाते. तेथे पारख करायला बरोबर कोणी नसते.

संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मकथनात अलिपियस नावाच्या मित्राची हकिकत लिहिली आहे. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढत ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहायला नेले. शरीराने मी तेथे असलो तरी मनाने नसेन, असे म्हणून तो डोळे मिटून बसला. जमावाचा एकच कल्लोळ झाला, त्याने डोळे उघडले आणि त्या रक्ताने तो असा धुंद झाला की पुढे तो स्वतः इतरांना ओढून नेऊ लागला. अलिपियस दुबळा किंवा वाईट चालीचा माणूस नव्हता, उलट आपल्या मनोबलावर त्याचा फार विश्वास होता. ऑगस्टिन यांच्याही आधी, इसवी सन 200 च्या सुमारास, टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकांनी खेळ आणि नाटके यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ख्रिस्ती लोकांना तेथे जाण्यास मनाई केली. त्या प्रेक्षागृहांत मूर्तिपूजा आणि नरहत्या खरोखरच चालत असे. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या सैतानाचा त्याग केला त्याच्याच घरी करमणुकीला कसे जाता, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल मला आजही शिळा वाटत नाही.

स्तोत्र 101 मध्ये राजा म्हणतो की मी आपल्या डोळ्यांसमोर अनुचित गोष्ट येऊ देणार नाही, आणि ते तो आपल्या घराविषयी बोलताना म्हणतो. घराचा कारभार चालवणाऱ्याला काही गोष्टी दाराबाहेर ठेवाव्या लागतात. आमच्या गटातील एका मुलाने अश्लील चित्रफितींचे व्यसन कसे लागले हे सांगितले, तेव्हा त्याचे एक वाक्य मी विसरू शकत नाही : 'मला कोणी तरी स्पष्ट नाही म्हणायला हवे होते.' स्पष्ट नकाराची गरज असलेली मुलेही आपल्यात आहेत आणि त्यांचा विचार या चर्चेत व्हावा.

रॅपविषयी मात्र ताईंच्या मुलाचे म्हणणे मला लागले. आमोस आणि यशया यांनी गरिबांच्या पिळवणुकीविरुद्ध जे शब्द वापरले ते सौम्य नव्हते. आमच्या उपदेशांत ते विषय येत नसतील तर मुले ते दुसरीकडे ऐकणारच.

उत्तर — कॅथलिक वाचक, नाशिक रोड

मी बाळ येशूच्या मंदिराजवळ राहतो आणि आमच्या धर्मग्रामात पालकांच्या सभांना मदत करतो. आमच्या ख्रिस्तसभेने यादीचा मार्ग फार मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिलेला आहे, म्हणून त्याचा अनुभव सांगण्यासारखा आहे.

अमेरिकेत 1930 साली चित्रपटांसाठी जी नीतिसंहिता तयार झाली, तिच्या लेखनात डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूंचा मोठा हात होता. 1934 पासून ती कडकपणे लागू झाली आणि त्याच सुमारास तेथील कॅथलिक लोक चर्चमध्ये उभे राहून, आक्षेपार्ह चित्रपट पाहणार नाही अशी शपथ घेऊ लागले. चित्रपटांची वर्गवारी प्रसिद्ध होई आणि निर्माते तिला घाबरत. काही काळ त्याचा प्रभाव पडला हे खरे आहे. पण गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झाली पाहिजे, अमुक शब्द उच्चारू नये, अमुक दृश्य दाखवू नये, एवढ्यापुरती ती तपासणी आक्रसत गेली. चित्रपट माणसाविषयी खरे बोलतो आहे की खोटे, हा प्रश्न त्यात मागे पडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये संपर्कमाध्यमांवर जो दस्तऐवज काढला, त्यात प्रेक्षक आणि पालक यांच्या जबाबदारीवर भर आला. 1995 साली चित्रपटाला शंभर वर्षे झाली, तेव्हा व्हॅटिकनने पाहण्यायोग्य अशा 45 चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग आहेत. मूल्यांच्या भागात महात्मा गांधींच्या जीवनावरचा 1982 चा इंग्रजी चित्रपट आहे, आणि कलेच्या भागात 1922 चा जर्मन मूक भयपट आहे, ज्यात रक्तपिपासू पिशाच्च मध्यवर्ती आहे. भुताखेतांची प्रत्येक कथा वर्ज्य, असे व्हॅटिकनलाही म्हणावेसे वाटले नाही. काही भयकथांत वाईट हे वाईटच दिसते, ते पाहून माणूस त्यापासून मागे सरतो. काही कथांत क्रौर्याचीच चव लावली जाते. या दोन प्रकारांतला फरक शीर्षक वाचून कळत नाही, चित्रपट पाहूनच कळतो.

आमच्याकडे महिन्यातून एखाद्या शनिवारी दोन-तीन कुटुंबे एकत्र बसून चित्रपट पाहतात. मध्यंतरी एक गाजलेला हिंदी सूडपट लावला होता. नायक खलनायकाचे घर पेटवून देतो, संगीत चढते, तो पाठमोरा चालत येतो आणि मागे ज्वाळा दिसतात. मोठी माणसेही नकळत ताठ बसली होती. तेवढ्यात माझ्या पुतण्याने, वय वर्षे अकरा, विचारले, 'त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाई होत्या, त्या बाहेर आल्या का?' आम्ही चित्रफीत मागे नेऊन पाहिले. त्या बाई दोन दृश्यांपूर्वी ओट्यापाशी दिसत होत्या, पुढे त्यांचे काय झाले हे चित्रपटाने दाखवलेच नव्हते. त्यानंतर जी चर्चा झाली, ती सूड आणि क्षमा यांवर मी ऐकलेल्या कित्येक प्रवचनांपेक्षा खोल गेली. या चित्रपटाने मला कोणाचा विसर पाडला, कोणावर प्रेम करायला लावले, कोणाचा तिरस्कार करायला लावला, असे आम्ही आता मुलांना विचारतो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे ही आज्ञा असेल, तर चित्रपटाची पारखही त्याच आज्ञेने केली पाहिजे. कारस्थानांच्या मालिकांनाही हेच लागू पडते. त्यांत एखादी दुष्ट सून दाखवली जाते यापेक्षा, घरातल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहण्याची जी सवय रोज अर्धा तास लावली जाते, ती मला घातक वाटते. सासूबाईंशी हे बोलताना मालिका बंद करण्याचा विषय काढू नका, प्रार्थना पुन्हा आठला आणा आणि तिचे नेतृत्व त्यांच्याकडे द्या.

सातपूरच्या बंधूंची चिंता रास्त आहे, म्हणून एक व्यावहारिक माहिती देतो. 2021 च्या नियमांनुसार ओटीटी मंचांना प्रत्येक कार्यक्रमावर वयोगट दाखवावा लागतो : सर्वांसाठी, 7 वर्षांवरील, 13 वर्षांवरील, 16 वर्षांवरील आणि प्रौढ. 13 वर्षांवरील वर्गापासून पुढे पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे त्यांना बंधनकारक आहे. लहान मुलांच्या घरात ते कुलूप अवश्य लावावे. पण ज्या वयात मूल ते कुलूप उघडायला शिकते, त्या वयात त्याच्याजवळ दुसरे काही असावे लागते.

उत्तर — पत्रकारितेची विद्यार्थिनी, कॉलेज रोड

या चर्चेत एक बाजू आलेली नाही, ती थोडक्यात मांडते. आपण काय पाहावे याबरोबरच आपण कसे दाखवले जातो, हेही पाहायला हवे.

हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती माणूस दशकानुदशके तोडकीमोडकी हिंदी बोलत आला. त्याच्या हातात पेला असे, खलनायकाच्या टोळीत एखाद्याचे नाव हमखास ख्रिस्ती असे आणि क्लबात नाचणारी तरुणीही ख्रिस्ती असे. याच्या उलट टोकाला अतिशय सात्त्विक पाद्री. नगर, नाशिक, जालना या भागांतला मराठी ख्रिस्ती माणूस, बाजरीची भाकरी थापणारी, लुगडे नेसणारी, ओवीच्या चालीत येशूची गीते म्हणणारी आजी, ही मला मोठ्या पडद्यावर जवळजवळ दिसलेलीच नाही. महाविद्यालयात मैत्रिणी मला 'तुम्ही घरी इंग्रजीत बोलता ना?' असे विचारतात, त्याचे मूळ तेथे आहे.

लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे आत्मचरित्र अवघा महाराष्ट्र आपले मानतो आणि विजया मेहता यांनी त्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपटही केला. एवढे सोडले तर आठवायला फारसे काही सापडत नाही. ज्या समाजात मुलांना चित्रपट हा धोका म्हणूनच शिकवला जातो, त्या समाजातून पटकथाकार, संकलक, दिग्दर्शक कसे येतील? ताईंचा मुलगा रॅप ऐकतो. तो उद्या लिहूही शकेल. त्याला त्याच्या वस्तीबद्दल, त्याच्या विश्वासाबद्दल लिहायला कोणी सांगितले आहे का?

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला मी सतरावा अध्याय वाचायला दिला. ती म्हणाली की अभंगाचा अर्थ तिला माहीत आहे, गाताना ती आपली प्रार्थना म्हणून गात नाही, आणि मैत्रिणीची प्रार्थना म्हणून तिला त्याचा आदर वाटतो. ती गाणार आहे. पाळकसाहेबांना मी हे आधीच सांगितले, त्यांनी ऐकून घेतले आणि तरुण संघाच्या पुढच्या बैठकीला पालकांनीही यावे असे सुचवले.

त्या बैठकीत आणखी एक विषय निघणार आहे. यंदा नाताळच्या कॅरलफेरीसाठी गायनमंडळातील मुलांनी एका गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर ख्रिस्तजन्माचे शब्द बसवले आहेत. काहींना ते फार आवडले, काहींनी चर्चमध्ये ते गाऊ देणार नाही असे सांगितले. संगीताची जाण असलेल्यांनी यावर लिहावे.

उत्तर — पेटीवादक, देवळाली कॅम्प

मी बरीच वर्षे मंडळीत पेटी वाजवतो. चित्रपटाची चाल मुळातच अपवित्र असते, असे मी मानत नाही. स्वरांना धर्म नसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी लोकांच्या कानांत बसलेली ओवीच घेतली. इंग्लंड-अमेरिकेतून आलेल्या चालींवर केलेली भाषांतरित गीते आपण गातो, त्यांत मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ पुष्कळदा चालीखाली दबून जातात, 'प्रभु'चा 'प्र' चार मात्रा ताणला जातो आणि 'भु' गिळला जातो. त्यापेक्षा आपल्या कानाच्या चाली मला केव्हाही जवळच्या वाटतात.

अडचण दुसरीकडे आहे. आमच्याकडेही एकदा असा प्रयोग झाला. सरावाला मी पेटीवर चाल धरली, मुखडा ठीक झाला, अंतऱ्यावर आलो आणि पाहिले तर मागच्या ओळीतल्या मुलांचे ओठ मूळ गाण्याचे शब्द म्हणत होते. वहीत गोठा आणि मेंढपाळ होते, ओठांवर पावसात भिजणारी नायिका होती. मुले वात्रट नव्हती. ती चाल त्या शब्दांना इतकी चिकटली होती की नवे शब्द तिच्यावर बसतच नव्हते. चर्चमधल्या गायनाबद्दल ऑगस्टिन यांनीही स्वतःशी हाच झगडा केला आहे. गायिल्या जाणाऱ्या वचनापेक्षा गळ्याची गोडीच मला हलवते, तेव्हा माझे चुकते, असे ते म्हणतात, आणि तरीही उपासनेत गायन असावे याकडेच त्यांचा कल राहतो.

म्हणून मी हे करतो : चाल नुसती पेटीवर वाजवतो, शब्द न सांगता, आणि वेगवेगळ्या वयाच्या चार जणांना काय आठवले ते विचारतो. मूळ गाणे आठवले तर ती चाल उपासनेसाठी घेत नाही. जुनी लोकगीते, ओव्या, भजनाचे ठेके यांबाबत ही अडचण क्वचित येते, कारण त्या चालींवर पिढ्यान्‌पिढ्या अनेक शब्द गायले गेलेले आहेत. कॅरलफेरीत, रस्त्यावर, शेजाऱ्यांच्या अंगणात थोडी मोकळीक ठेवायला हरकत नाही. प्रभुभोजनाच्या उपासनेत मी ठेवणार नाही.

आणखी एक बाब कोणी बोलत नाही, ती म्हणजे चालीचा मालक. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत त्याच्या रचनेवर हक्क राहतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाण्याला कायद्यात सवलत आहे. परंतु दुसऱ्याची चाल घेऊन, शब्द बदलून, ध्वनिमुद्रण करून यूट्यूबवर टाकायचे तर परवानगी लागते, आणि अशी कितीतरी 'ख्रिस्ती गीते' परवानगीवाचून टाकलेली दिसतात. चोरी करू नको ही आज्ञा संगीतालाही लागू आहे, असे मी गायनमंडळातील मुलांना सांगतो आणि ती ते लगेच मान्य करतात.

ताई, तुमच्या गायनमंडळातील मुलांनी लिहिलेले शब्द चांगले असतील तर ते टाकून देऊ नयेत. मला पाठवा. छंद पाहून भूपाळीच्या किंवा साकीच्या अंगाने दोन-तीन चाली बांधून देतो. ताल मुलांनी ठरवावा, ढोलकी हवी असेल तर ढोलकी घ्यावी. तुमचा मुलगा रॅप ऐकतो, तर मधल्या कडव्यात मेंढपाळांचा भाग त्याने ठेक्यावर बोलून पाहावा. रात्रपाळीला जागणाऱ्या गरीब माणसांना पहिली बातमी मिळाली, एवढा मजकूर त्याला पुरेल. सराव गुरुवारी संध्याकाळी असेल तर मी देवळालीहून येऊ शकतो.